हरठेव

शटर निम्मं वर गेलं आणि नेहमीच्या जागी अडकलं. दादाने वाकून खांद्याचा रेटा दिला, तसं ते कुरकुरत वर गेलं आणि तेल, पितळ आणि दीड वर्षं कोंडलेली हवा यांचा मिळून एक वास रस्त्यावर आला. सासूबाई पायरीवरच थांबल्या.

"क्षणभर वाटलं, आत असतील," त्या म्हणाल्या. मग कुणी काही बोलायच्या आत स्वतःच पुढे झाल्या आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसल्या. अण्णांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, खुर्चीवर त्या अण्णा असतानाही कधी बसल्या नव्हत्या आणि आता तर प्रश्नच नव्हता.

घड्याळं दुरुस्त करायचं हे दुकान आज रिकामं करायचं होतं. पाच वाजता नवा भाडेकरू येणार होता. तो मोबाइलची कव्हरं विकणार होता. दादाने कुलूप खाली ठेवलं, त्याची किल्ली हातात तोलली, "ही आधी नीट ठेवतो, नाहीतर या पसाऱ्यात गडप व्हायची," असं म्हणत ती कुठेतरी ठेवली आणि बाह्या वर केल्या.

वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, आज रक्तपेढीतून रजा घेतली होती. रजा घेतली की तिचा फोन जास्त वाजायचा. आताही पर्समध्ये तो थरथरत होता. कामावरूनच होता. "मागाहून करते," असं तिने पर्सला सांगितलं आणि झाडू हातात घेतला.

दुकान दोन माणसांनी हात पसरले तर भरेल एवढंच. एक अख्खी भिंत लहान लहान खणांची होती आणि प्रत्येक खणावर अण्णांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. 'काचा, गोल.' 'काचा, गोल म्हणवणाऱ्या.' 'काटे, जोडीचे.' 'काटे, विधुर.' 'स्क्रू, कुणाचे ते आठवत नाही.' वहिनीची लेक, घरात जिला सगळे पिल्लू म्हणत आणि जी आता संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, ती एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत खण उपसत होती. दातांची डॉक्टरकी सोडून दहा वर्षं झालेले मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, मदतीला म्हणून आले होते आणि दारात उभे राहून सूचना देत होते.

"लंबकाचं घड्याळ मी घरी नेणार," सासूबाईंनी जाहीर केलं. "पण आधी चावी द्या. त्याची चावी याच खणात होती. माझ्यासमोर ठेवली होती त्यांनी. म्हणाले, आता कुठे जाणार नाही."

"मग संपलंच," मामा म्हणाले. "हरठेव!"

"हरठेव," दादानेही खण उलटा करत मान डोलावली.

"आजोबांची शेवटची हरठेव," पिल्लू म्हणाली आणि तिघेही हसले.

शिडीवर चढून वरचं फळकूट पुसणारी खारूताई थांबली. ती दादाची धाकटी बहीण. लहानपणी ऐकलेला प्रत्येक नवा शब्द कपट्यावर लिहून ती फ्रॉकच्या खिशात साठवायची आणि धुण्यातून कागदाचा लगदा निघायचा, म्हणून आईने तिला खारू म्हटलं. पुढे तिने तेच काम पगारावर केलं. शब्दकोशाच्या कचेरीत कार्डं लावणारी मुलगी म्हणून शिरली आणि आज त्या कोशाची मुख्य संपादक होती. खिसे गेले, पिशवी आली. पिशवीत कोऱ्या कार्डांचा गठ्ठा कायम.

"तो शब्द आज नको," ती वरूनच म्हणाली.

"का गं? शिवी आहे?" मामा.

"उद्या दहाला कोशाच्या नव्या आवृत्तीची पानं छापायला जातायत, त्यात नसेल तो. काढतेय मी."

दादाच्या हातातला खण तसाच राहिला.

"त्या शब्दाने तुझं काय घोडं मारलंय?" मामांनी विचारलं.

खारूताई खाली उतरली. तिने हात पुसले. बोलायच्या आधी हात पुसायची तिला सवयच होती, जणू समोरच्याच्या हातात काही द्यायचं आहे.

"पहिल्या आवृत्तीत या शब्दाला तीन कार्डं होती, म्हणजे वापराचे तीन दाखले. नियम तेव्हा होता तोच आजही आहे. तीन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, सहज वापरलेला असला तरच शब्द आत. पहिलं कार्ड एका मासिकातल्या विनोदी गोष्टीचं."

"माझ्या!" मामा खूश झाले.

"तुमच्या. दुसरं एका कॉलेजच्या वार्षिकातल्या लेखाचं."

दादाचे कान लाल झाले. त्या लेखाची घरात अजून टिंगल व्हायची.

"तिसरं साप्ताहिकातल्या वाचकांच्या पत्राचं. खाली सही 'लंबक'. मी तेव्हा नुसती कार्डं लावायचे. मोठ्या संपादकांनी तीन नावं पाहिली, तीन छापील ठिकाणं पाहिली आणि शब्द घेतला. तुमची दोघांची नावं मला दिसली होती. पण वावगं काय आहे ते दिसलं नाही. दिसणार कसं? मला वाटायचं, सगळं जगच हरठेव म्हणतं. गेल्या आठवड्यात नव्या आवृत्तीसाठी सगळी जुनी कार्डं पुन्हा तपासताना ते पत्र वाचलं. शेवट काय, तर 'उशिरा आलेले उत्तर बंद घड्याळासारखे असते, तरी वेळेवर कळवावे.' मी उठले आणि आईला फोन लावला."

"आणि मी वेडीसारखी सांगून बसले," सासूबाई म्हणाल्या. "हो, लंबक म्हणजे हेच म्हणून. मला वाटलं, कोशात त्यांचं नाव घालणार आहेस."

खारूताईने आईकडे पाहिलं नाही. "तीन कार्डं आणि घर एक," ती म्हणाली.

"पण अण्णांनी कुठून तरी उचलला असेल ना?" मामा म्हणाले. "मी तर असंच धरून चाललो होतो."

"कुठून नाही उचलला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एका बाईंच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू त्यांनी काडेपेटीत ठेवला आणि काडेपेटी अगदी नीट ठेवली. घर उलटंपालटं केलं. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, ही कसली ठेव, ही तर हरठेव! मी हसले. मी हसले म्हणून पुन्हा म्हणाले. मग म्हणतच राहिले."

ही गोष्ट वहिनीने पहिल्यांदाच ऐकली. या घरात येऊन तिला एवढी वर्षं झाली होती, तरी अशी एखादी गोष्ट अजून निघायची.

"खारू, पुस्तक केवढं तुझं," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. तो पूल तपासणारा इंजिनिअर होता आणि कामावर कितीही कडक असला तरी घरात तडजोडी तोच करायचा. "हजारो शब्द. त्यात एक राहिला तर कोश कोसळणार आहे का?"

"एक बोल्ट कमी असलेला पूल तू पास करतोस?"

"एका बोल्टने पूल पडत नाही."

"पास करतोस का, एवढं सांग."

दादाने खण पुन्हा भिंतीत बसवला. तो उलटा बसला.

"खारूआत्या," पिल्लूने फोन वर धरला, "पण आता लोक वापरतात की! हे बघ, किती ठिकाणी आलाय."

"मी पाहिलंय. वाच बरं त्यातलं एखादं."

"'तुम्हाला माहीत नसलेले सुंदर शब्द.' 'कोशात सापडलेली रत्नं.' 'या शब्दाचा अर्थ ओळखा.'" पिल्लूचा आवाज हळूहळू उतरत गेला. गोम कुठे आहे ते तिला वाचता वाचताच कळलं होतं. "हे सगळे शब्दाबद्दल बोलतायत. शब्द कुणीच बोलत नाहीये."

"आणि सगळ्यांनी तो घेतला कुठून?"

"तुझ्याच कोशातून. म्हणजे तू त्यांचा पुरावा घ्यायचा आणि त्यांनी तुझा." पिल्लूने फोन खिशात टाकला. "गोल गोल झालं हे."

वहिनी झाडू मारत ऐकत होती. खारूताईचं हे असं वागणं तिला नवीन नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात या नणंदेने स्वयंपाकघरात पाच वाट्यांमध्ये पाच तऱ्हेचं पाणी मांडून घरातल्या प्रत्येकाला बोट बुडवायला लावलं होतं. 'कोमट'ची व्याख्या चालली होती. वहिनीने रक्तपेढीतून थर्मामीटर आणून दिला होता आणि निघालं असं की, अण्णांचं कोमट सासूबाईंना चक्क गार लागतं. त्यावरून त्या दोघांचं भांडण झालं आणि खारूताईने भांडणातली दोन वाक्यं लिहून घेतली. शेवटी कोशात आकडा आला नाहीच. 'हात घातला असता गार की गरम असा प्रश्न न पडणारे' एवढंच आलं. तेवढ्या ओळीसाठी तिने तीन आठवडे काढले होते. मामांच्या खुर्चीत दाताचं काम चालू असताना, तोंड वासलेलं ठेवून तिने खुणेने पेन मागितलं होतं, ते मामा अजून प्रत्येकाला सांगत. वहिनीला मात्र आठवायचं ते 'घरकाम'. जुन्या कोशात त्याचा अर्थ 'बायकांनी करायची घरातील कामे' असा होता. त्यातले पहिले दोन शब्द काढायला खारूताई समितीशी दोन महिने भांडली. राग दाखवला नाही, आवाज चढवला नाही. दर बैठकीला भांडी घासणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या पुरुषांची छापील वाक्यं घेऊन जायची आणि टेबलावर मांडायची. नवी ओळ छापून आली त्या दिवशी वहिनीने ती स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचली होती. दादा तेव्हा भांडी घासत होता.

"थांबा, थांबा," मामांनी टाळी वाजवली. "घराबाहेरचं माणूस हवंय ना तुला? आहे की आपल्याकडे!"

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या.

"सूनबाई परक्या घरातून आली. तिच्या माहेरी म्हणत असतीलच. काय गं? म्हणायचे ना?"

"म्हणत असतील," दादा घाईने म्हणाला. "तिची आई किती जुने जुने शब्द वापरायची!"

"मामा, तिला शिकवू नका." खारूताईचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "दादा, तूही नको." तिने पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि वहिनीसमोर येऊन उभी राहिली. "वहिनी, एक माणूस एकटं पुरणार नाहीच. पण तुझ्या माहेरी हा शब्द असेल, तर तो या घराआधीही होता. मग मी उद्याची पानं थांबवून शोध घेईन. समितीला तेवढं कारण पुरतं. म्हणून विचारते, पहिल्यांदा कुठे ऐकलास? आठव आणि सांग. उत्तर काहीही असो, तुझ्यामाझ्यात काही बिघडत नाही."

वहिनीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. 'काटे, विधुर' लिहिलेल्या खणावरची धूळ त्या बोटाने पुसत होत्या आणि ते बोट थांबलं होतं.

सोपं होतं. वहिनीची आई गेली होती, वडील त्याआधीच. माहेरी विचारायला कुणी उरलं नव्हतं. एक 'हो' म्हटलं तर ते तपासता येण्यासारखंच नव्हतं. आणि नेमकं तेच तिला टोचलं. रक्ताच्या पिशवीवर चिठ्ठी लावतानाही असंच असतं. चिठ्ठी लावणाऱ्यावर सगळे विश्वास ठेवतात, कारण प्रत्येकाने पुन्हा तपासायला वेळच नसतो.

शिवाय तिला लख्ख आठवत होतं. लग्नानंतरचा पहिला आठवडा. अण्णा चष्मा शोधत होते आणि म्हणाले, "सूनबाई, चष्म्याची हरठेव झालीय बघ." तिने मान हलवली आणि काही न कळून घरभर फिरली. रात्री नवऱ्याला विचारलं, तर तो हसला. "एवढं माहीत नाही?" तेव्हापासून तिची समजूत अशी की, शब्द सगळ्यांना येतो, आपल्याच माहेरी तेवढा नव्हता. ही कमीपणाची गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"या घरात ऐकला," ती म्हणाली. "अण्णांच्या तोंडून. त्याआधी कधीच नाही. आमच्याकडे असं झालं की आई म्हणायची, ठेवलेलं सापडत नाही. बस, एवढंच."

खारूताईने कोरं कार्ड पिशवीत परत ठेवलं आणि तोच हात वहिनीच्या खांद्यावर ठेवून जरा दाबला.

"एक 'हो' म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?" दादा हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"बाबा," पिल्लू म्हणाली, "तुमच्या हाताखालच्या माणसाने असं 'हो' म्हटलं तर तुम्ही त्याला घरी पाठवता."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी आईच्या."

"मीही," मामा म्हणाले. मगाशी टाळी त्यांनीच वाजवली होती, हे ते विसरूनही गेले होते. "पोरीने खरं सांगितलं. आता आपण सगळे तोंडं पाडून बसू, पण खरं ते खरं."

सासूबाई स्टुलावर जराशा वळल्या आणि सगळ्यांकडे पाठ करून रस्त्याकडे बघू लागल्या.

"आज दुकान जातंय," त्या म्हणाल्या. "उद्या शब्द. त्यांचं आता राहिलं काय?"

खारूताईने पिशवीतून 'ह'ची पानं काढली आणि टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून अण्णांच्या खुर्चीवर बसली. अण्णांचा काम करायचा लाकडी पाट तिच्यासमोर होता, त्यावर भिंगाने पडलेला एक जळका ठिपका. तिने पानं उलटली. वहिनी तिच्या मागेच उभी होती, त्यामुळे तिला नोंद वाचता आली. *हरठेव: स्त्री. नीट जपून ठेवली म्हणूनच वेळेला न सापडणारी वस्तू.* ही ओळही खारूताईनेच लिहिली होती, कार्डं लावणारी मुलगी असताना. तिची कोशातली पहिलीच व्याख्या.

तिने लाल पेनाने एक रेघ मारली. रेघ सरळ आली. नंतर तिने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

त्यानंतर कामाला वेग आला. गप्पा बंद झाल्या की तो येतोच. मामाही आत आले आणि खरंच खोकी उचलू लागले. वहिनी एका ताटलीत तेल घेऊन जुनी चाकं पुसत होती, पिल्लूला ती हवी होती म्हणून. दोन्ही हात तेलाने माखलेले आणि फोन पुन्हा वाजला.

"पिल्लू, घे गं तेवढा. स्पीकरवर टाक."

पिल्लूने फोन पाटावर ठेवला. पलीकडून रक्तपेढीतल्या सहकारी बाईंचा आवाज आला. त्या तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातून बदलून आल्या होत्या आणि श्वास न घेता बोलायच्या.

"अहो मॅडम, सकाळपासून किती फोन लावायचे माणसाने! तो फ्रिज तपासायचा थर्मामीटर कुठे ठेवलाय तुम्ही? परवा म्हणालात, मी नीट ठेवते. झाली ना त्याची हरठेव! इथे तपासणीवाले येऊन बसलेत, दुसरा चहा चाललाय त्यांचा, तिसरा पाजायला लावू नका मला."

मामांच्या हातातलं खोकं खाली आलं, पण आवाज न करता. दादा खण धरून होता तसाच राहिला. खारूताईने एक हात वर केला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि सगळ्यांकडे असं काही पाहिलं की कुणाची खोकायचीही छाती झाली नाही. मग तिने कार्डावर भराभर लिहून ते वहिनीसमोर धरलं. *कुठे शिकली विचार. स्वतःहून काही सांगू नकोस.*

"वरच्या कपाटात बघा, हातमोज्यांच्या खोक्यामागे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि एक सांगा, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"तिसरा चहा..."

"त्याच्या आधी."

"हरठेव झाली म्हणाले. रागावलात की काय?"

"नाही हो. हा शब्द कुठे शिकलात तुम्ही?"

"कुठला? हरठेव?" पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. "त्यात शिकायचं काय? सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे सगळे. लॅबमधले, वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. आमच्या घरी तर आता माझी सासूसुद्धा म्हणते. सापडला बाई थर्मामीटर! का हो मॅडम, तुमच्याकडे नाही म्हणत?"

फोन बंद झाला. वहिनी तेलाचे हात तसेच हवेत धरून उभी होती. रक्तपेढीत ती लागली तेव्हापासून कितीदा तरी हरवलेल्या नळीला, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला, कपाटाच्या चावीला तिने हरठेव म्हटलं असेल. आपल्याला तो शब्द उशिरा कळला या जुन्या ओशाळेपणातूनच ती जरा जास्त म्हणायची. तिला कुणी अर्थ विचारला नव्हता. तिनेही कुणाला सांगितला नव्हता.

"म्हणजे तू नेलास," सासूबाई म्हणाल्या. त्या स्टुलावरून वळल्या होत्या. "आम्ही सगळे घरातच म्हणत बसलो. बाहेर तू नेलास."

"तिने नेला असं अजून म्हणता येणार नाही," खारूताई म्हणाली, पण तिचं पेन चालत होतं. तारीख, जागा, बोलणारीचा व्यवसाय, वाक्य जसंच्या तसं, तिसऱ्या चहासकट. लिहून झाल्यावर तिने कार्ड लांब धरून पाहिलं. कार्डं लावणारी ती मुलगी अशीच पाहत असेल, असं वहिनीला वाटलं. "एक," ती म्हणाली.

"मग रेघ पूस की!" दादा ओरडला.

"एक आहे, दादा. तीन लागतात."

"त्या बाईच म्हणाल्या ना, सगळे म्हणतात!"

"मीही तेच म्हणत होते. सगळं जग म्हणतं. त्यातूनच हे सगळं झालंय."

"मग उद्या सकाळी जाऊ रक्तपेढीत," मामा म्हणाले. "दहाच्या आत दोन माणसं गाठू, बोलतं करू."

"बोलतं केलेलं चालत नाही, मामा. आपलं आपण बोललेलं हवं. घाई आपल्याला आहे, शब्दाला नाही. तो रक्तपेढीत मजेत आहे." तिने कार्ड पिशवीच्या एका वेगळ्या कप्प्यात सरकवलं. वाट बघणाऱ्या शब्दांचा तो कप्पा होता, हे वहिनीला माहीत होतं. त्यातले काही शब्द वीस वर्षं वाट बघत होते.

"पुढची आवृत्ती कधी काढणार तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"आठ-दहा वर्षं तरी जातील, आई. आणि तेव्हा मी नसेन तिथे. दुसरं कुणी असेल. पण कार्ड असेल."

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. तो काय आला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "थांबते मी तोवर." मग त्यांनी वहिनीला जवळ बोलावलं, तेलाच्या हातांकडे दुर्लक्ष करून तिचं मनगट धरलं आणि आवाज बारीक केला. "तू मात्र रोज म्हणत जा हं त्यांच्यासमोर. सकाळी एकदा, जेवायच्या सुट्टीत एकदा."

"आई!" खारूताई खुर्चीतून उठलीच. "असं पेरायचं नाही! पुरावा नासतो."

"मी माझ्या सुनेशी बोलतेय. तू आपली कार्डं लाव."

पहिल्यांदा पिल्लू हसली, मग मामा, मग दादासुद्धा. खारूताईने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो तिला काही जमला नाही.

पाच वाजले तेव्हा दुकानात फक्त रिकामे खण आणि भिंतीवरच्या घड्याळांचे फिकट गोल उरले होते. लंबकाचं घड्याळ चावीविनाच चादरीत गुंडाळून टेम्पोत चढलं. नवा भाडेकरू दारात आला. तरुण होता, नम्र होता आणि त्याने हात पुढे केला.

"किल्ली देता ना, साहेब?"

"हो हो," दादा म्हणाला. "आहे ना. आल्या आल्या अगदी नीट ठेवली होती." त्याने शर्टाचा खिसा पाहिला. पँटचे दोन्ही खिसे पाहिले. खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवला. मग तो दुकानाच्या मधोमध उभा राहिला आणि रिकाम्या भिंतीकडे बघू लागला. टेम्पो खोक्यांनी गच्च भरला होता.

मामांनी तोंडावर हात धरला. पिल्लू पाठमोरी झाली, तिचे खांदे हलत होते. वहिनीने ओठ घट्ट मिटून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्याही ओठ मिटून खारूताईकडे बघत होत्या. कुणी म्हणजे कुणी बोलेना. भाडेकरूचा हात तसाच पुढे होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

खारूताईने पिशवी खांद्याला लावली, खाली वाकून अण्णांच्या पायरीवरची धूळ तळहाताने झटकली आणि मान वर न करताच म्हणाली,

"हरठेव."